आपलं म्हणणारं माणूस

१९३९ साली कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. रोग झाला की घरचेच दार लावून घेत. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हा रोग झालेल्या अवस्थेत सेवाग्रामच्या आश्रमात आले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधून घेतली. जखमा धुणं, अंगाला मालिश करणं हे ते स्वतः करत, तेही सगळ्यांच्या देखत. मला हे ‘देखत’ फार मोलाचं वाटतं. वाळीत टाकलेल्या माणसाला पुन्हा माणसांत घेतलं, हे गावानं पाहिलं. परचुरे शास्त्रींची ती झोपडी आजही आश्रमात आहे.

परचुरे शास्त्रींना तिथे जी मिळाली, ती ‘आपण कुणाचे तरी आहोत’ ही भावना माणसाची मूलभूत गरज असल्याची मांडणी रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये केली. ही गरज दीर्घकाळ भागली नाही, तर नैराश्य आणि चिंता बळावू शकतात, झोप उडू शकते. एकटेपणा असह्य झाला, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.