नवी गाडी, जुना माल

गाडीचा ताबा घेताना पेढा, हार, फोटो सगळे होते. चासी नंबर मात्र कोणी वाचत नाही. भांडणाचे मूळ बहुधा तिथेच असते.

गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे मोजले आणि डीलरने २००९ मध्ये बनलेली, आधीच काही किलोमीटर पळालेली मोटार त्याच्या गळ्यात मारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ साली निकाल लागला : उत्पादक टाटा मोटर्सला या व्यवहाराची माहिती होती असे सिद्ध झाले नाही, म्हणून कंपनी सुटली, जबाबदारी डीलरची. उत्पादक आणि डीलर यांचे नाते मालक-नोकराचे नसते, हे ग्राहकाला पटायला जड जाते. पण कायदा तसे बघतो. गाडीतच मूळ दोष असेल, तर मात्र उत्पादकालाही प्रतिवादी करावे.

ताबा घेण्यापूर्वी फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ (उत्पादकाचे प्रमाणपत्र) यांवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा, ओडोमीटरचा फोटो घ्या. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, सेल्समन काहीही म्हणो. ॲक्सेसरीजचे तोंडी वायदे तर पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्या, उगवतात आणि विरतात; ते कागदावर घ्या.

तरीही फसवणूक झालीच, तर तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, वकील लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असावी. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहा.