दुसऱ्या विद्याशाखेचा एक विषय

बारावीचा निकाल लागला की आपल्या व्यापारी घरांतून ठरलेला संवाद घडतो. मुलगा वाणिज्य शाखेला जाणार, हे तो आठवीत असतानाच निश्चित झालेले असते. पुढे सी.ए. करायचे की पदवी घेऊन पेढीवर बसायचे, एवढाच प्रश्न उरतो. यंदा मात्र माझ्या पुतण्याच्या प्रवेश-अर्जातील एक रकाना रिकामा राहिला. "काका, इथे दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावा लागतो म्हणे. सर्वांत सोपा कोणता असेल?" असे विचारत तो माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दादांचा, सराफी दुकानातून निरोप होताच : गुण मिळतील तो घ्या, हजेरीची कटकट नको.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीत मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा 'ओपन इलेक्टिव्ह' घेणे अनिवार्य आहे. भारतीय ज्ञान प्रणालीचे दोन श्रेयांक वेगळे. एक श्रेयांक म्हणजे वर्गातील पंधरा तास, म्हणजेच दोन श्रेयांकांच्या विषयाला तीस तास मिळतात. तीस तासांत कोणी शास्त्रज्ञ होत नाही, हे उघडच आहे. पण त्या तासांत काय मावते, हेही पाहिले पाहिजे.

दादांच्याच दुकानाचे उदाहरण घ्या. माणिक आणि नीलम हे आपण दोन स्वतंत्र रत्ने म्हणून विकतो. प्रास्ताविक भूविज्ञानात विद्यार्थी शिकतो की दोन्ही एकाच खनिजाची, कुरुंदाची रूपे आहेत. क्रोमियमच्या अल्प अंशाने तांबडा रंग येतो, तर लोह व टायटॅनियममुळे निळा. कठिणतेच्या मोजपट्टीवर कुरुंद नऊ आणि हिरा दहा. मात्र प्रत्यक्षात हिरा सुमारे चौपट कठीण असतो, कारण ती पट्टी केवळ क्रम सांगते, अंतर नव्हे. आणि एवढा कठीण हिरा योग्य दिशेने घाव बसला तर दुभंगतो. तीस वर्षे गल्ल्यावर बसूनही यातले 'का' आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

दुसरे उदाहरण श्रवणबेळगोळचे. सहकुटुंब दर्शनाला आपण जातो. पण बाहुबलींच्या त्या भव्य मूर्तीच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांतील लेख आहेत, याकडे कितीजण थांबून पाहतात? गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने उभारलेल्या मूर्तीपाशी मराठी का यावी, हा प्रश्न पुराभिलेखविद्येच्या पहिल्या धड्यात शोभेल. भारतीय ज्ञान प्रणालीच्या तासाला नवव्या शतकातील महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' शिकवला गेला, तर व्याजाची आणि भागीदारीतील नफावाटपाची गणिते त्यात भेटतील. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ती परकी वाटणार नाहीत.

सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांनी अशी तोंडओळख करून घ्यावी, ही कल्पना आजची नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, समकालीन संस्कृतीवरील अभ्यासक्रम प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. १९३७ मध्ये साहित्याची, पुढे कला व संगीताची आणि २००४ मध्ये विज्ञानाची भर पडली. युरोप-अमेरिकेबाहेरच्या संस्कृतींचा अभ्यासही आता त्यात आवश्यक आहे. साहित्य आणि विचारग्रंथांचे वर्ग वीस-बावीस जणांचे ठेवतात, म्हणजे कोणालाही मागच्या बाकावर लपता येत नाही.

ही सक्ती येण्यापूर्वीच तेथे शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याच्या जोडीला त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले. जातिसंस्थेच्या उगमावरील त्यांचा प्रसिद्ध निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात.

आपल्याकडे सर्वत्र हे नीट चालते, असे मात्र म्हणता येणार नाही. काही ठिकाणी यादीत दोनच विषय असतात आणि शिकवणे म्हणजे नोट्स वाटणे. म्हणून माल घेताना आपण जी चौकशी करतो, तीच येथे करावी. अभ्यासक्रमाचा कागद मागावा. कोण शिकवणार ते विचारावे. नमुने, क्षेत्रभेट, प्रात्यक्षिक आहे की केवळ बहुपर्यायी परीक्षा, हे पाहावे. जागा मर्यादित असतात, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. मनाजोगता विषय नसेल तर 'स्वयम्' या शासकीय ऑनलाइन व्यासपीठाचे श्रेयांक आपले महाविद्यालय स्वीकारते का, तेही विचारावे. आणि मुलींच्या बाबतीत तर ही चौकशी अधिकच आस्थेने व्हावी. त्यांचा रकाना आपण घाईने भरून टाकतो, असे माझे निरीक्षण आहे.

पुतण्या भूविज्ञान विभागात जाऊन दगडांची कपाटे पाहून आला आणि तोच विषय त्याने भरला. तास सकाळी सात वाजता आहेत. दुकान दहाला उघडते, त्यामुळे दादांचीही हरकत उरली नाही.