देवळालीच्या मास्तरांची संख्या आणि समीकरणातला 'ल'

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी लिखित रूप. यावेळी मात्र वाचणारेच फायद्यात आहेत, कारण आकडे कानाने ऐकून समजत नाहीत. कागद-पेन घ्या.

दहावीच्या आणि पॉलिटेक्निकच्या पोरांची तक्रार साधारण एकच असते: "दादा, समीकरण सुटतं, पण आपण काय करतोय ते कळत नाही." मग बीजगणित पाठांतरात जातं आणि पुढे इंजिनिअरिंगचं गणित अंगावर येतं. याचं उत्तर मला आपल्या नाशिकमध्येच सापडतं, देवळालीत.

द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. संख्यांशी खेळायचा नाद मात्र जबरदस्त. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं.

खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. उदाहरणार्थ ९३०२:

९३२० − ०२३९ = ९०८१
९८१० − ०१८९ = ९६२१
९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = पुन्हा ६१७४. गाडी तिथेच थांबली. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे येते. माझ्यासारखा कोडवाला काय करेल? लूप लावेल, सगळ्या संख्या क्षणात तपासेल. पण लूप 'होतं' एवढंच सांगतो. 'का होतं' ते सांगायला अक्षरं लागतात.

तीन अंकी संख्येवर बघू, सोपं पडेल. मोठा अंक म, मधला ध, लहान ल. म, ध, ल अशी लिहिलेली संख्या म्हणजे खरं तर १००म + १०ध + ल. ही बहुपदी झाली: तीन पदं, आणि १००, १०, १ हे त्यांचे सहगुणक. आता वजाबाकी:

(१००म + १०ध + ल) − (१००ल + १०ध + म) = ९९म − ९९ल = ९९(म − ल)

बघा, ध गायब! मधला अंक काहीही असो, उत्तराला फरक पडत नाही. शेकडो संख्यांबद्दलची गोष्ट एका ओळीत कळली. अक्षर म्हणजे फक्त 'लपलेलं उत्तर' नाही; ते एकाच वेळी सगळ्या संख्यांच्या वतीने बोलतं. माझ्या मते शाळेत हेच नीट सांगायचं राहतं.

म − ल या फरकाला फ म्हणू. ९९फ म्हणजे १००फ − फ, म्हणजेच १००(फ − १) + ९० + (१० − फ). म्हणून उत्तराचे अंक फ − १, ९ आणि १० − फ. मध्ये ९ ठरलेलाच.

आता जी संख्या स्वतःवरच थांबते ती शोधू. तिच्यात ९ आहेच आणि त्याहून मोठा अंक नसतो, म्हणून म = ९. मग फ = ९ − ल. कडेचे दोन अंक होतात ८ − ल आणि १ + ल. यांतला एक अंक स्वतः ल असायला हवा. १ + ल = ल? अशक्य, १ = ० होईल. उरलं:

८ − ल = ल

दोन्ही बाजूंना ल मिळवा: ८ = २ल. दोन्हीकडे २ ने भागा: ल = ४. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हा मंत्र विसरा. चिन्ह आपोआप काही बदलत नाही, तराजूच्या दोन्ही पारड्यांत आपण सारखंच वजन टाकतो. दुसरा कडेचा अंक १ + ४ = ५. संख्या तयार: ४९५. पडताळा ९५४ − ४५९ = ४९५. लूप न लावता!

हे झालं थांबण्याचं ठिकाण. प्रत्येक संख्या तिथे पोहोचते का? फ च्या किमती नऊच, १ ते ९. म्हणून ०९९, १९८, २९७... ८९१ एवढ्या नऊ संख्या तपासल्या की काम झालं. दहा मिनिटांचं काम आहे, करा.

चार अंकींत मांडणी हीच, फक्त अंक ट, ठ, ड, ढ असे उतरत्या क्रमाने घेतले तर वजाबाकी ९९९(ट − ढ) + ९०(ठ − ड) येते. दोन्ही पदांना ९ ने भाग जातो, म्हणून उत्तर कायम ९ च्या पाढ्यातलं.

जाता जाता दोन अंकी संख्या बघा. तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असं चक्र फिरत राहतं, कुठेच थांबत नाही. उत्तराचे अंक फ − १ आणि १० − फ. यांतला १० − फ मोठा धरून समीकरण मांडलं की ३फ = ११ येतं, आणि ११ ला ३ ने भाग जात नाही. फ − १ मोठा धरला तर काय होतं, ते तुम्ही काढा आणि कमेंटमध्ये टाका.