बी.पी.ची गोळी आणि भुलेची नळी

ऑपरेशन ठरलं की आपण विचारतो, सर्जन कोण? भूल कोण देणार, हे कुणी विचारत नाही. थिएटरात नर्स म्हणून उभी असताना मी घाम मात्र भूलतज्ज्ञांच्याच कपाळावर जास्त वेळा पाहिला.

इंदापूर तालुक्यातल्या एका मावशींचं छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होतं. "उपाशीपोटी या" एवढंच सांगितलेलं. मावशींनी जेवणाबरोबर बी.पी.ची गोळीही दोन दिवस सोडली. टेबलावर घेण्याआधी बी.पी. १९०/११०. ऑपरेशन पुढं ढकललं. मुलाचा रोज बुडाला, एस.टी.चं भाडं गेलं, वर बोलणी मावशींनीच खाल्ली. गोळीचं काय करायचं हे त्यांना सांगितलं कुणी होतं?

डॉक्टर एवढे का घाबरतात, ते समजून घ्या. पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचा श्वास सांभाळावा लागतो. एक मार्ग नळीचा. लॅरिंजोस्कोपच्या पात्यानं जीभ उचलून नळी स्वरयंत्रातून श्वासनलिकेत घालतात. माणूस गुंगीत असला तरी शरीराला तो धक्का कळतो. अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, नाडी पळते, धडधाकट माणसाचंही वरचं बी.पी. वीस-पंचवीसनं चढतं आणि काही मिनिटांत उतरतं. बी.पी.च्या रुग्णात ही उडी मोठी असते. मेंदूला, हृदयाला ती झेपेलच असं नाही.

दुसरा मार्ग लॅरिंजियल मास्कचा. ब्रिटिश भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी तो १९८१ मध्ये शोधला. तो स्वरयंत्राच्या वर बसतो, आत शिरत नाही. त्यामुळं उडी लहान, काढतानाही त्रास कमी.

मग सगळ्यांना मास्कच का नाही? पोट भरलेलं असेल, आंबट पाणी वर येत असेल, बाई गरोदर असेल, तर पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तिथं नळीच बरी. उडी औषधांनी दाबतात. निवड भूलतज्ज्ञांची, पण ती तुमच्या खऱ्या माहितीवर होते.

अ‍ॅम्लोडिपिन सहसा ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन बऱ्याचदा आदल्या दिवसापासून थांबवतात. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल एकदम तोडायची नसते. स्वतः ठरवू नका, गोळ्यांची पाकिटं घेऊन भूलतज्ज्ञांनाच विचारा. इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो की बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

मिश्री, तंबाखू, कवळी, हलता दात लपवू नका. आणि पहाटेचा चहासुद्धा सांगा. दूध घातलेल्या चहाला डॉक्टर अन्नच धरतात, त्यानंतर सहा तास मोजतात.