पालथे पत्ते

समजा, हिंजवडीतल्या एखाद्या टीमपुढे काम आहे: ग्राहकाने बिल भरलं की पावती मेलने जायला हवी. काम किती मोठं आहे याचा प्रत्येकाने मनाशी अदमास बांधायचा, त्या आकड्याचा पत्ता काढायचा आणि टेबलावर पालथा ठेवायचा. मग सगळे पत्ते एकदम सुलटे करायचे. चौघांचे ३ निघतात. टेस्टिंग करणारीचा निघतो १३.

या क्षणाचं मला फार अप्रूप वाटतं. सगळे एकाच कामाबद्दल बोलताहेत असं तोवर वाटत होतं. ती विचारते, "पैसे कापले गेले आणि व्यवहार मध्येच अडकला तर? पावती दोनदा गेली तर?" बाकीचे गप्प होतात, आणि पुन्हा पत्ते काढले जातात.

हा 'प्लॅनिंग पोकर' जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडला, आणि माइक कोन यांच्या २००५ च्या पुस्तकामुळे तो जगभर गेला. पण आधी लपवायचं आणि मग दाखवायचं, हे कशासाठी? मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानमन यांनी १९७४ मध्ये छापलेला एक प्रयोग बघा. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी गुपचूप सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५! चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. मग मीटिंगमध्ये सर्वांत अनुभवी माणूस आधीच "दोन दिवसांचं काम" म्हणाला, तर नवख्याच्या मनातल्या आकड्याचं काय होत असेल?

पत्त्यांवरचे आकडेही गमतीचे आहेत: १, २, ३, ५, ८, १३. पुढे २०, ४०, १००. काम मोठं होत जातं तसा अंदाज ढोबळ होतो, म्हणून आकड्यांमधलं अंतरही वाढत जातं. १७ की १८ यावर वाद घालायला जागाच नाही. यातले पहिले सहा आकडे आपल्या छंदःशास्त्रातही भेटतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. सहा मात्रा? तेरा. ही माळ फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते, आणि त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. जैन आचार्य हेमचंद्रांनी गुजरातेत ही मोजणी त्याच्या सुमारे अर्धशतक आधी मांडली होती. कवितेच्या मोजणीतली ही माळ आज सॉफ्टवेअरच्या टेबलावर पडलेली असते, हे कळल्यापासून मला ते पत्ते वेगळेच दिसतात.

ठरलेला आकडा, म्हणजे त्या कामाचे 'स्टोरी पॉइंट', पुढे कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या ओळीवर उमटतो. बॅकलॉगमधून, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीतून, एकेक काम स्प्रिंटमध्ये, म्हणजे पुढच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात ओढावं, तशी वरची बेरीज वाढत जाते. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये २१, १८ आणि २३ पॉइंट पुरे झाले असतील आणि आज बेरीज ४० दिसत असेल, तर कुणाला काही बोलावंच लागत नाही. "होईल हो, करू" हे तोंडी म्हणणं सोपं असतं. तो ४० समोर दिसत असताना अवघड.

मात्र हे पॉइंट म्हणजे तास नव्हेत, आणि एका टीमचा ८ दुसरीच्या ८ शी ताडून पाहता येत नाही. सॉफ्टवेअरच्या जगातले जुनेजाणते रॉन जेफ्रीज यांनी तर लिहून ठेवलंय, की स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले, आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं. टीमची टीमशी तुलना आणि अंदाजावरून दबाव, हे त्यांना खुपतं. मलाही ते पटतं. आकडा दिसावा तो काम करणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून.

पावतीच्या कामाचे शेवटी दोन तुकडे झाले. साध्या पावतीचे ३, अडकलेल्या व्यवहाराचे ८. दुसरा तुकडा या स्प्रिंटमध्ये मावला नाही. तो बॅकलॉगमध्ये सर्वांत वर आहे, आपला ८ दाखवत.