तहानलेल्या झाडाची पंगत

एप्रिल सरत आला की काटोल-वरुडकडे मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, धरणारे शेतकरी संत्र्याचं पाणी तोडतात. बाग ‘ताणावर’ जाते. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. नवख्याला वाटावं, बाग गेली! पण आत साखरेची नवी पंगत बसलेली असते.

शिधा हवेतला: वाळल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन. तो मातीतून नाही, हवेतून येतो. पानं त्याची साखर करतात आणि ती सालीवाटे झाडभर वाढली जाते.

शेंडा आधी उठतो: नव्या पेशी फुगायला पाण्याचा दाब लागतो. ओल घटली की कोवळी पालवी पहिली थांबते. पानं मात्र काही दिवस साखर रांधतच राहतात. खाणारे उठले, चूल पेटतीच! उरलेली साखर फांद्यांत आणि मुळांत स्टार्च होऊन साठते. पुढच्या फुलोऱ्याची ती शिदोरी.

मुळं ताटावरच: शेंड्यांपेक्षा मुळं चिवट. ओल शोधत ती वाढत राहतात, म्हणून टंचाईत त्यांचा वाटा मोठा.

जमीन बघून ताण: हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळी जमीन ओल सोडता सोडत नाही, तिथे जास्त दिवस लागतात.

सिसिलीचा बहार: तिथले बागाईतदार भर उन्हाळ्यात लिंबाचं पाणी तोडतात, मग भरपूर देतात. ऑगस्ट-सप्टेंबरात अवेळी फुलं येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘वेर्देल्ली’ नावाची हिरवी लिंबं. नाव परकं, युक्ती ओळखीची.

कोय कडक होताना: पीचची कोय टणक होते तेव्हा फळ सावकाश वाढतं, फांद्या मात्र सुसाट. ऑस्ट्रेलियातल्या टॅटुरा इथल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात हाच मोका साधला: तेवढ्या दिवसांत पाणी कमी. फांद्या आवरल्या, फळाचं फारसं बिघडलं नाही.

दुपारी बारीक, पहाटे गुबगुबीत: कडक उन्हात पानं फळातलंही पाणी ओढतात. फळ किंचित आटतं, रात्री पुन्हा भरतं. वाढत्या फळाला सतत पाणी कमी पडलं तर ते लहान राहतं, पण चवीला बरेचदा जास्त गोड.

डाळिंब का तडकतं: कोरड्यात साल ताठरते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की दाणे फुगतात, सालीला तेवढं ताणवत नाही.

अती झालं की: पानांची रंध्रं मिटतात, चूल विझते आणि झाड साठ्यावर जगू लागतं. पुढे फांद्या वाळतात. म्हणून जाणता माणूस झाडाखाली किती पानं पडली ते रोज बघतो आणि ताण तोडताना पहिलं पाणी हलकंच देतो.

आणि अवकाळी पाऊस? एक दांडगी सर, की ताण तुटला. शेंड्याला पालवी फुटते, साठवलेली साखर तिच्या ताटात जाते आणि बहार हुकतो.