कार्तिकातलं काम : पाणी तोडणं

कार्तिकात बागेत काय काय करायचं, असं मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलं होतं. गुलाबाची छाटणी, झेंडू उपटून मेथी-पालक टाकणं, ही कामं आहेतच. त्यात फार सांगण्यासारखं नाही. पण आमच्या इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या शिवारात, या दिवसांतलं खरं काम डाळिंबाचं. आणि ते म्हणजे पाणी तोडणं.

गंमत बघा. चांगल्या पावसाच्या वर्षी दिवाळीनंतर उजनीचा फुगवटा गावाशी तुडुंब असतो. बटण दाबायची खोटी, पाणी हजर. आणि नेमकं तेव्हाच आंबे बहार धरणाऱ्यानं ठिबक बंद ठेवायचं. याला ‘ताण देणं’ म्हणतात.

ताणानं होतं काय? पाणी मिळत राहिलं तर झाड पालवीच काढत बसतं. पाणी तुटलं की शेंड्याची वाढ थांबते, पण पानं आणखी काही दिवस अन्न तयार करतच राहतात. ते खर्च होत नाही, काडीत साठतं. पुढे कळी येते ती या साठ्यावर. हलक्या मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. भारी काळ्या रानात दोन महिनेही लागतात, कारण ती माती ओल सोडत नाही. म्हणून शेजाऱ्याचे दिवस मोजू नका, आपल्या झाडाची पानं बघा. पिवळी पडून निम्म्याहून जास्त गळाली, की हलकी छाटणी, एक टक्का बोर्डो, आणि मग पहिलं पाणी. तेही बेतानं. एकदम भिजवलं तर कळी गळते.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, संयमावर तासन्‌तास बोललो. आणि पहिल्या वर्षी पानं पिवळी दिसताच अठराव्या दिवशी पाणी सोडलं! झाडं हिरवीगार, फुलं मोजकी. शेजारचे आबा म्हणाले, “सर, ताण झाडाला नाही, तुम्हालाच सोसला नाही.”

पण ताणाआधी एक हिशेब आहे. आंबे बहाराचं फळ उन्हाळ्यात पोसतं. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी उणेमध्ये खोल गेलं. अशा वर्षी जुन्या पळसदेवचं, एरवी बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. लोक बघायला येतात. बागायतदार मात्र पाइप वाढवत पाण्यामागे जात असतो.

तेव्हा धरणाचा आकडा कार्तिकातच विचारा. कमी असेल तर सगळी बाग धरू नका, निम्मीच धरा. उरलेली मृग बहाराला ठेवता येते. तिला ताण उन्हाळाच देतो, फुकट. फक्त तिची कळी आणि फळ पावसात सापडतं, आणि तिथे तेल्याची धास्ती असते.